नाव पुसलेल्या जहाजाच्या घरी

आमच्या लातूरच्या घरात समुद्राचा विषय कधी निघाला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हटलं की बोअर, टँकर आणि नळाची पाळी. समुद्र पाहिला तो लग्नानंतर एकदा, गणपतीपुळ्याला, त्याच्याकडे पाठ करून फोटो काढण्यापुरता. त्यामुळे आमच्या ऋचाने, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीने, पसंत केलेला मुलगा तेलाच्या जहाजावर अधिकारी आहे हे ऐकल्यावर मी पहिलं विचारलं ते एवढंच, की तो घरी असतो तरी कधी.

संदेश त्याचं नाव. रत्नागिरीच्या खाली, पावसच्या पुढच्या एका वाडीतला. ऋचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मैत्रिणीच्या लग्नात दोघांची ओळख झाली. एकदा तो लातूरला येऊन गेला. आमची शेंगाची चटणी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्ली आणि आणखी मागितली. मुलगा मला आवडला. उन्हाळ्यात तो जहाजावरून उतरला की साखरपुडा, असं ठरलं.

तो उतरलाच नाही. आखातात तणाव आहे, बदली माणूस चढवता येत नाही, थांबा, असं कंपनीने कळवलं. मग पुन्हा तेच कळवलं. आमचे हे रोज दोन पेपर वाचतात आणि कोणता देश कोणावर कधी हल्ला करणार हे चहाबरोबर सांगतात. एरवी मी ते ऐकून सोडून देते. आता प्रत्येक बातमीनंतर ते माझ्याकडे बघायला लागले. शेवटी संदेशच्या आईचा फोन आला, की मुलगा नसला तरी घर बघून जा, आंबे खाऊन जा. आम्ही तिघं निघालो. ऋचा सासर बघायला निघाली होती. मी मात्र माणसं बघून, गोड बोलून, हे लग्न मोडता येतं का, ते बघायला निघाले होते. हे फक्त ह्यांना माहीत होतं.

सड्यावर

आंबा घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. ह्यांनी गाडीच्या काचा खाली केल्या, मग वर केल्या, मग पुन्हा खाली केल्या. रत्नागिरी मागे टाकून, भाट्याचा पूल ओलांडून पावसपर्यंत नीट आलो. त्यानंतर फोनमधल्या नकाशाने आम्हाला एका चढावर घातलं आणि वर पोचल्यावर जाहीर केलं, की तुम्ही मुक्कामी पोचला आहात.

तिथे काहीच नव्हतं. काळ्या-तांबड्या कातळाचं एक भलंमोठं पठार, त्यावर वाळलेलं गवत आणि वारा. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. आमच्याकडे माळरान असतं, पण माळावर कुठे तरी बाभळ असते, लांबवर एखादा शेरडांचा कळप असतो. इथे दुपारच्या उन्हात आमची सावली तेवढी होती. लांब खाली समुद्र दिसत होता, पण त्याचा आवाज वरपर्यंत येत नव्हता. ह्यांनी फोनला शिव्या घातल्या. ऋचाने घरी फोन लावला आणि थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ स्कूटरवरून आम्हाला न्यायला आले. संदेशचे वडील. सगळे त्यांना आबा म्हणतात.

“इथे सगळ्यांचा असाच होता,” ते म्हणाले. “नकाशात आमची वाडी सड्यावर दाखवतात. माणसं मात्र खाली राहतात.”

सडा म्हणजे हे कातळाचं पठार. इथल्या बोलण्यात आपल्या ‘झालं, केलं’चं ‘झाला, केला’ होतं. सुरात एक हेल असतो, त्यामुळे साधी गोष्टही सावकाश सांगितल्यासारखी वाटते. आबा जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. आता बागेचं बघतात.

वाडीत उतरलो आणि जीव थंड झाला. चिऱ्याच्या पायऱ्या, पोफळी, विहीर आणि सारवलेलं खळं, म्हणजे अंगण. संदेशच्या आई, शैलाताई, पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन उभ्या होत्या. आम्ही मासे खात नाही म्हणून त्यांनी आमच्यासाठी घरातले मासे बंद केले होते; त्यांचं मांजर उंबऱ्यावर बसून आमच्याकडे रागाने बघत होतं. जेवायला तांदळाची भाकरी, फणसाची भाजी आणि आमसुलाचं सार होतं. ह्यांनी भाजीत तिखट आहे का ते शोधलं, नव्हतं, पण दोनदा वाढून घेतली.

सगळ्या घरात आंब्याचा वास भरलेला होता. मधली खोली, पडवी, माळा, सगळीकडे पेंढ्यात आंबे लावून ठेवले होते. आखातात जाणारा माल यंदा निघालाच नाही, असं शैलाताई म्हणाल्या. बोटी नाहीत, ज्या आहेत त्या जायला तयार नाहीत. आंबे तर थांबत नाहीत, ते पिकत होते. पहिल्या तासाला तो वास हवाहवासा वाटला. संध्याकाळपर्यंत तो जड झाला, कोणीतरी खोलीत बसून आहे आणि बोलत नाही, असं वाटण्याइतका.

ठिपका

शैलाताईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून एक फोन उभा केलेला होता. वायर लावलेली, स्क्रीन सुरू. मला वाटलं, मालिका बघत भाकऱ्या करत असतील. जवळ जाऊन पाहिलं तर निळा नकाशा होता आणि त्यावर रंगीत बाणांसारखे पुष्कळ ठिपके. त्यातल्या एकाभोवती गोल होता.

“हा आमचा संदेश,” त्या म्हणाल्या. आपण भिंतीवरचा फोटो दाखवतो तशा.

ठिपक्यावर बोट ठेवलं की जहाजाचं नाव येई, कुठल्या देशाचा झेंडा ते येई, वेग येई. ते नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. शैलाताई भाकरी थापता थापता एक नजर तिकडे टाकत, पुन्हा थापत. ठिपका हलत नव्हता. नांगर टाकून उभं आहे, त्या म्हणाल्या. उभं असलं की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला गेले तर ठिपका समुद्रात नव्हता. वाळवंटात होता. किनाऱ्यापासून चांगला आत, नकाशावर जिथे एक गावही नव्हतं. तो एकटा नव्हता, आजूबाजूला आणखी बरेच ठिपके होते आणि ते सगळे मिळून वाळूत एक गोल वर्तुळ करून उभे होते, सभा भरल्यासारखे. माझ्या हातातला कप तसाच राहिला. शैलाताई शांतपणे दूध गाळत होत्या.

“असा होता मधून मधून,” त्या म्हणाल्या. “घाबरू नका. जहाज आहे तिथेच असता. आकाशातून जो सिग्नल येतो तो तिकडची सरकारं बिघडवतात. एकमेकांचे बॉम्ब चुकावेत म्हणून.”

ऋचाने ते मला नीट समजावून सांगितलं. विमान, जहाज, बॉम्ब, सगळे एकाच सिग्नलवर वाट काढतात. शत्रूची वाट चुकवायची तर सगळ्यांचीच चुकते. मला पटलं. पण पटल्यावर जास्त कसंतरी झालं. हजारो टन तेल घेऊन उभी असलेली ती जहाजं, त्यांवरची माणसं आपल्या यंत्रात बघत असतील तर त्यांनाही आपण वाळवंटात उभे आहोत असंच दिसत असेल.

मग मी ठिपक्यावर बोट ठेवलं. नावाखाली एक रकाना असतो, जहाज कुठल्या बंदराला चाललं आहे त्याचा. तिथे बंदराचं नाव नव्हतं. इंग्रजीत लिहिलं होतं: सगळे खलाशी भारतीय.

मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी चष्मा लावून वाचलं. शेजारच्या जहाजावर बोट ठेवलं, तिथेही तसंच काहीतरी होतं, दुसऱ्या देशाचं नाव घालून. पडवीतून आबा आत आले. ह्यांनी त्यांना विचारलं, की हे कोणाला सांगायला लिहिलंय?

“वरून जो बघतो त्याला,” आबा म्हणाले.

त्या दिवशी ह्यांनी पेपर आणायला सांगितला नाही.

पडवीतली रिंग

दुपारी शैलाताई आणि ऋचा आमसुलं वाळत घालायला खळ्यात होत्या. आमचे हे सकाळी आंबे काढताना लाल मुंग्यांच्या घरट्याखाली उभे राहिले होते, त्यामुळे अंगाला खोबरेल लावून आडवे झाले होते. मी पडवीत वारा घेत बसले. तिथे भिंतीला एक नारिंगी रिंग टांगलेली होती, जहाजावर असते तशी, बुडणाऱ्याकडे फेकायची. रंग उडालेला, दोरी कुजलेली. तिच्यामागून एक पाल गेली आणि मी दचकून मागे सरताना माझा हात लागून ती खिळ्यावरून निसटली. खाली पडली ती उलटी. भिंतीकडे असलेल्या बाजूवर काळी इंग्रजी अक्षरं होती.

सकाळपासून ते नाव मी फोनवर इतक्यांदा वाचलं होतं, की अक्षरं जुळवावी लागली नाहीत. तेच नाव होतं.

मला वाटलं, मुलाच्या जहाजावरचीच असेल. पण मग ती इतकी जुनी कशी? मी ती उचलून हातात धरून उभी होते तेव्हा आबा विहिरीकडून आले. त्यांनी माझ्या हातात काय आहे ते पाहिलं, खळ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, “विहीणबाई, बसा. तुम्ही मुलीकडच्या. तुम्हाला सांगायलाच हवा.”

आबांनी जे सांगितलं ते असं. नोकरीतलं त्यांचं शेवटचं जहाज म्हणजे हे जहाज. म्हातारं झालेलं. मालकाने ते गुजरातेत, आलंगला, मोडायला विकलं. मोडायचं जहाज भरतीच्या वेळी पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात. त्या दिवशी आबा त्यावर होते. जमिनीला पोट लागलं तेव्हा जहाजातून जो आवाज आला तो अजून त्यांना भाकरी मोडतानाही आठवतो, असं ते म्हणाले. नंतर हिशेब पुरा व्हायचा होता म्हणून काही दिवस ते तिथेच राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर त्याचं तोंड कापलं, मग पोट कापलं. आठवण म्हणून ही रिंग त्यांनी घरी आणली.

संदेश ज्या जहाजावर चढला त्याचं नाव वेगळं होतं. कागद नीट होते, आबांनी स्वतः बघितले होते. मध्यंतरी एकदा तो फोनवर म्हणाला, की आमच्या जहाजाचं नाव बदललं. भर समुद्रात, माणसं दोरीने बाहेर लोंबकळवून, जुनं नाव रंगाने पुसलं आणि नवं घातलं. झेंडाही बदलला. ज्या देशाचं तेल त्यात आहे त्या देशाचं तेल बाकीच्या देशांनी घेऊ नये असं काही सरकारांनी ठरवलंय. घेणारे घेतातच, पण चोरून. त्यासाठी पकडली गेलेली नावं टाकून द्यावी लागतात आणि ज्यांच्यावर कोणाचा संशय नाही अशी नावं लागतात. मोडलेल्या, मेलेल्या जहाजावर संशय घ्यायला कोण येतो?

“नाव काय, असा मी त्याला विचारला,” आबा म्हणाले. “त्याने सांगितला. मी दुसऱ्यांदा विचारला. जहाजाचा नोंदणीचा नंबरसुद्धा तोच. मी ज्याचे तुकडे बघितले त्या जहाजावर माझा मुलगा आहे.”

विहिरीवरचा रहाट वाऱ्याने करकरत होता. मी विचारलं, की काही झालं तर?

“काही झाला तर विचारणार कोणाला? विमा नाय. झेंड्याचा देश म्हणेल, असा जहाज आमच्याकडे नाय. ते खरा बोलतील. असा जहाज नायच.” मग म्हणाले, “पूर्वी लढाई झाली की कळायचा, कोण कोणाशी लढतोय. आता लढाई कोणी जाहीर करत नाय. नुसती नावं पुसतात.”

शैलाला हे माहीत नाही, ते म्हणाले. म्हणून रिंग त्यांनी त्या दिवशीच भिंतीकडे तोंड करून टांगली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि पुन्हा तशीच टांगली. लग्नाचं तुम्ही जे ठरवाल ते ठरवा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही, एवढं बोलून ते बागेत गेले.

नकार द्यायला मला ह्याहून चांगलं कारण मिळालं नसतं. ते हातात आल्यावर मला तोंड उघडवेना.

कातळावर फोन

संध्याकाळी लाइट गेली. घरातलं नेट बंद, फोनला रेंज नाही. त्याआधीच संदेशचा निरोप आला होता, की सूर्य बुडायच्या सुमाराला फोन करतो. तेव्हा सगळेच सड्यावर गेलो, जिथे नकाशाने आम्हाला आधी आणून सोडलं होतं तिथे.

आबा पुढे होते. एके ठिकाणी त्यांनी हात करून आम्हाला बाजूने यायला सांगितलं. कातळात एक माणूस कोरलेला होता. आडवा, दोन पुरुष उंचीचा, पाय जुळवलेले, हात बाजूला. चेहरा नव्हता. असे आकार ह्या भागातल्या सड्यांवर जागोजाग आहेत. कोणी कोरले, कशासाठी, कोणाला सांगता येत नाही. ज्यांनी कोरले त्यांचं नावही उरलेलं नाही. फोनला रेंज नेमकी त्याच्याजवळ येत होती. आम्ही त्याच्यावर पाय पडू न देता त्याच्याभोवती उभे राहिलो. खाली समुद्र तांबडा झाला होता आणि त्यावर एकही जहाज नव्हतं.

फोन वाजला. शैलाताईंनी तो स्पीकरवर टाकला. संदेशचा आवाज येई, मग बराच वेळ काहीच नाही, मग आपलेच शब्द परत ऐकू येत. त्याने मला काकू नमस्कार म्हटलं. मी जेवलास का विचारलं आणि माझाच ‘जेवलास का’ परत माझ्याकडे आला, जरा दुसऱ्याच बाईच्या आवाजात.

“कुठे आहेस रे तू?” शैलाताईंनी विचारलं.

“समुद्रात.”

“कुठल्या?”

मोठा खंड पडला. वाऱ्याने फोनमध्ये आणि कातळावर एकच आवाज होत होता.

“सांगायला नको म्हणालेत, आई. उद्यापासून यंत्र बंद करणार आहोत. ठिपका दिसणार नाही. न दिसला म्हणजे काही झालं असं समजू नको.”

शैलाताई बरं म्हणाल्या. ऋचाने फोन घेतला आणि ती थोडी लांब जाऊन बोलली. ती काय बोलली ते मी विचारलं नाही. परत आली तेव्हा अंधारायला लागलं होतं आणि आम्ही एकमेकांचे चेहरे न बघता खाली उतरलो.

दुसरीकडे तेच नाव

तिसऱ्या दिवशी डब्याला टेकवलेला फोन तसाच सुरू होता, पण नकाशावर गोल नव्हता. शैलाताईंनी घावणे केले, नारळाचा रस केला. दर थोड्या वेळाने त्यांची मान तिकडे वळे आणि परत येई. सवयीचं ते, बंद पडलेल्या घड्याळाकडे आपण बघत राहतो तसं.

भर दुपारी, आम्ही सगळे जेवून तिथेच बसलो असताना, ऋचाने तो फोन उचलला, वरच्या जागेत जहाजाचं नाव टाकलं आणि ती ओरडली, की दिसतंय. आबा उठून उभे राहिले. ठिपका होता. गोल होता. नाव तेच, नंबर तोच. फक्त तो आखातात नव्हता. आफ्रिकेच्या पलीकडच्या अंगाला, दुसऱ्याच समुद्रात होता आणि भरभर पुढे जात होता.

ऋचाने नकाशा लहान केला, मोठा केला. काल संध्याकाळी आमच्याशी बोललेला माणूस आज दुपारी तिथे असणं शक्य नव्हतं. हे तिच्या लक्षात आलेलं मी तिच्या मानेवरून ओळखलं. तिने आबांकडे पाहिलं, आबांनी माझ्याकडे पाहिलं.

“हा आपला नाय,” शैलाताई म्हणाल्या.

त्या उठल्या, पडवीत गेल्या आणि ती रिंग घेऊन आल्या. आम्हा सगळ्यांच्या मधे जमिनीवर ठेवली, अक्षरं वर करून.

“हिला ज्या दिवशी ह्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगली, त्याच दिवशी मला कळला,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं पुसतेय ती, तिच्यावर काय लिहिलंय ता मला माहीत नाय? आता सगळे बसलोय तर बोला सगळे.”

आबा मट्‌कन खाली बसले. इतके दिवस दोघंही एकमेकांना जपत, एकाच घरात, एकाच ठिपक्याकडे बघत होते. मग आबांनी ऋचाला सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, फक्त ह्या वेळी मधे मधे शैलाताई बोलत होत्या. आणि आफ्रिकेकडचा तो ठिपका? आणखी कोणीतरी तेच नाव घेतलेलं असणार. एका मेलेल्या जहाजाच्या नावाने दोन जहाजं फिरत होती. कदाचित जास्तही असतील. म्हणूनच ते नाव मी लिहीत नाही; त्या नावाखाली अजून कोणाकोणाची मुलं असतील.

ऋचाने फोन बाजूला ठेवला. संदेशने हे तिला सांगितलं नव्हतं, ते तिला लागलं होतं. शैलाताई तिला म्हणाल्या, “तू नको म्हणालीस तरी मला राग नाय गो. मी तुझ्या आईच्या जागी असते तर हाच केला असता.”

“त्याला उतरता येईल का?” ऋचाने आबांना विचारलं.

आबा म्हणाले, एकट्याला नाही. सगळ्या खलाशांनी मिळून पुढे जायला नकार दिला, घरच्यांनी मुंबईला सरकारी ऑफिसात आणि युनियनमध्ये आरडाओरडा केला, तर होतं कधी कधी. पण एकमेकांची घरं कोणाला माहीत नाहीत. कोणी तमिळनाडूतला, कोणी बिहारचा.

“मग ती शोधते मी,” ऋचा म्हणाली. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, मी इथेच राहते. लॅपटॉप आहे, काम इथून होईल. तो उतरल्यावर त्याच्या तोंडून सगळं ऐकेन. हो की नाही, ते तेव्हा.”

आमच्याकडे साखरपुड्याआधी मुलगी एकटी सासरी चहालासुद्धा थांबत नाही. आमच्या जाऊबाई, नणंदा, शेजारपाजार, सगळे माझ्या डोळ्यांसमोर येऊन उभे राहिले. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं हे ओरडतील. ह्यांनी रिंगकडे बघत विचारलं, “तिला इथे तिखट मिळेल का?” शैलाताई पहिल्यांदाच रडल्या.

परत

दोघंच परत आलो. घाट चढताना गाडीत आंब्यांचा वास होता आणि मागची सीट रिकामी होती. जाताना जे लग्न मोडायला मी निघाले होते, त्याच लग्नाच्या घरी मी मुलीला सोडून आले होते.

पुढचे आठवडे कसे गेले ते थोडक्यात सांगते. ऋचाने संदेशने जहाजावरून पाठवलेल्या फोटोंतून, त्यांखालच्या नावांवरून, एकेक घर शोधलं. कुठल्या कुठल्या गावांतल्या बायका एकमेकींची भाषा न कळता फोनवर बोलायला लागल्या. शैलाताई त्यांच्याशी मराठीतच बोलत, असं ऋचा सांगायची, आणि त्यांना कळायचं. जहाज कुठल्या तरी बंदराबाहेर तेल उतरवायला थांबलं तेव्हा सगळ्या खलाशांनी काम थांबवलं. कंपनीने धमक्या दिल्या, मग त्यांचं पाणी कमी केलं, मग एका दुपारी एक लाँच पाठवून सात-आठ जणांना उतरवलं. त्यांत संदेश होता. उतरलेल्यांच्या जागी दुसरे चढले. तो विमानाने आला.

ऋचाने त्याला हो म्हणायला बराच वेळ लावला. त्यांचं काय बोलणं झालं ते त्यांनाच माहीत. दिवाळीनंतर लातूरला लग्न झालं. आबा आमच्या कार्यालयात सगळ्यांना शेंगाची चटणी वाढत फिरत होते.

त्या जहाजावरचे संदेशचे महिने त्याच्या नोकरीत धरले गेले नाहीत, कारण तसं जहाज नाही. तो त्याबद्दल फारसं बोलत नाही. एकदा मात्र मी पाहिलं. आम्ही शेतावर गेलो होतो. शेजारच्या हरभऱ्यावर औषध मारायला हल्ली ड्रोन आणतात, तसा एक आणला होता. तो भुणभुणत वर चढला आणि माझ्याशी हसत बोलत असलेला संदेश बोलता बोलता कडुनिंबाच्या बुंध्याला पाठ लावून खाली बसला. डोक्यावर हात. ड्रोन फवारणी करून निघून गेला तरी तो उठला नाही. ऋचा त्याच्याजवळ जाऊन बसली. मग दोघं उठून आले आणि आम्ही हुरडा खाल्ला.

आता तो किनाऱ्यावरच्या नोकरीच्या शोधात आहे. आमचे हे पेपर वाचतात, पण मोठ्याने नाही.

परवा आमच्या गल्लीतल्या कांताबाई आल्या. त्यांच्या मुलाने बारावीनंतर काही केलं नव्हतं, शेती कोरडवाहू. त्या फार खुशीत होत्या. तुमचे जावई बोटीवर होते ना, म्हणाल्या; आमच्या पोरालाबी घेतलंय. रत्नागिरी-मालवणकडची पोरं आता तिकडच्या बोटींवर जायला नको म्हणतात, म्हणून एजंट आमच्याकडे, औश्याला, निलंग्याला यायला लागलेत. चार दिवसांचं शिकवतात आणि नेतात. पोराने समुद्र अजून बघितलेला नाही, ह्याचं त्यांना हसू येत होतं. त्यांनी फोन पुढे केला. पोरगं नकाशावर कसं बघायचं, तेवढं दाखवा म्हणाल्या.

मी फोन घेतला. जहाजाचं नाव काय, विचारलं.

“नाव अजून ठरलं नाही म्हणतेत,” कांताबाई म्हणाल्या. “पाण्यात गेल्यावर कळवणार हायेत.”

मी त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं, खाली बसवलं आणि विचारलं, की त्याला निघायला किती दिवस आहेत?

“सकाळच्या गाडीनं गेला की ओ,” त्या म्हणाल्या.